हमीदभाईंचा पाच वाजताचा चारा

त्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मी जालन्यात एका हार्डवेअरच्या दुकानात गळ निवडत उभा होतो. मासे धरायचे गळ. खिळे-बिजागऱ्यांच्या मागे एका खणात दुकानदार ते ठेवतो आणि मागितल्याशिवाय दाखवत नाही. साडेनऊलाच हमीदभाईंचा फोन येऊन गेला होता. सहा नंबरचेच घ्या, चकचकीत दिसतात ते घेऊ नका, टोक नखावर टेकवून बघा, घसरलं तर परत द्या... नऊ वर्षं ऐकलेलं सगळं त्यांनी पुन्हा एकदा ऐकवलं होतं. दुकानदाराने सहा नंबरात दोन प्रकार पुढे ठेवले, मी गोंधळलो आणि फोन लावला. पलीकडून उचलला गेला तसा सुरूच झालो, की एकाची दांडी लांब आहे, एकाची आखूड, कटला माशाला कुठला बरा... फोनवर त्यांची मुलगी सना होती. तिने मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, "सर, अब्बू वारले. अर्धा तास झाला." मी "बरं" म्हणालो. हो, "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. दोन्ही प्रकारचे गळ बांधून घेतले, स्टँडवर आलो, अंबडच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली याचा आनंदसुद्धा झाला. गाडी शहराबाहेर पडल्यावर शेजारच्याने विचारलं, काका, बरं वाटत नाही का? तेव्हा कळलं की मी रडत होतो. सहा आठवडे झाले, त्या "बरं"ची लाज काही जात नाही.

हमीदभाई अंबडचे पिंजारी. गाद्या, उशा, लग्नसराईत रजया. मी तिथल्या शाळेत गणिताचा मास्तर. एवढ्यावर आमची ओळख गादी भरून घेण्यापुरतीच राहिली असती. पण एका रविवारी गावाबाहेरच्या तलावावर मी बांबूची काठी आणि कणकेचा गोळा घेऊन बसलो होतो आणि हे गृहस्थ मागे येऊन उभे राहिले. मग गोळा हातात घेऊन वास घेतला आणि शांतपणे म्हणाले, "सर, ह्याला चपाती म्हणत्यात. चारा न्हाई." मला राग आला होता. नववीची मुलं मला बघून बाकाखाली लपतात आणि हा माणूस माझी कणीक हुंगतो! पण त्या दिवशी त्यांनी त्यांच्या डब्यातला चारा दिला आणि तासाभरात मला पावशेराचा रोहू लागला. त्यानंतर मी त्यांना सोडलं नाही, म्हणजे खरं तर त्यांनीच मला सोडलं नाही.

मासा आधी बाजारात शोधायचा असतो, मग पाण्यात, असं ते म्हणत. आमच्या गावात मासेमारीच्या सामानाचं दुकान नाही, त्यामुळे हा शोध म्हणजे एक यात्राच असे. दोरीला वजन म्हणून लागणारं शिसं टायरवाल्याकडून. चाकाला लावून काढलेले जुने तुकडे तो आमच्यासाठी डब्यात जमवून ठेवी. पाण्यावर तरंगणारी काडी मोरपिसाची, तीही शेतात गळून पडलेल्या पिसाची. नायलॉनचा धागा म्हणजे तंगूस घनसावंगीकडच्या एका भोयाकडून, कारण दुकानातला उन्हात ठिसूळ होतो असं त्यांचं ठाम मत. चाऱ्याला शेंगदाण्याची पेंड लागे, ती घाण्यावर नुकती निघालेली. घाणेवाल्यासमोर ते तुकडा मोडून चक्क खाऊन बघत, आणि जुनी निघाली तर त्याचा असा काही उद्धार करत की गिऱ्हाइकं हसायला थांबत. सरकीची पेंड मी एकदा सुचवली तर म्हणाले, ती म्हशीला. घरी पेंड कुटायची, रात्रभर आंबवलेलं ज्वारीचं पीठ, गूळ आणि भाजलेली बडीशेप घालून मळायचं आणि लाडू वळायचे. वास असा सुटतो की माणसाला मोह व्हावा. माझ्या मेहुण्याला झालाच. आमच्या फ्रिजमधला डबा उघडून त्याने चाऱ्याचे दोन लाडू खाल्ले आणि माझ्या बायकोला म्हणाला, बडीशेप छान लागते. हे हमीदभाईंना सांगितलं तेव्हा ते गादीवर आडवे होऊन हसले आणि पुढे दर भेटीत मेहुण्याच्या पोटाची चौकशी करत राहिले.

पण त्यांचा खरा विश्वास सामानावर किंवा चाऱ्यावरही नव्हता, तो होता आठ दिवसांवर. मोठा मासा धरायचा तर आधी आठ दिवस एकाच जागी, एकाच वेळेला, संध्याकाळी पाच वाजता नुसता चारा टाकायचा. गळ नाही, काठी नाही. माशाला जागेची आणि वेळेची सवय लावायची आणि नवव्या दिवशी बसायचं. तीन वर्षांपूर्वी यातले दोन दिवस माझ्या वाटणीला आले होते आणि त्यातला एक मी चुकवला. शाळेतून दमून आलो, झोप लागली. रविवारी आम्ही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसलो, साधी काडीसुद्धा हलली नाही. हमीदभाई रागावले नाहीत. सामान गोळा करता करता एवढंच म्हणाले, "मधात खंड पडला की मासा जागा सोडतो, सर. बिलकुल सोडतो." त्या दिवसापासून मला चाऱ्याची पाळी कधी मिळाली नाही. मीही मागितली नाही... आयती सोय कोणाला नको असते?

यंदा माझी भोकरदनकडे बदली झाली. तोवर माझ्या नावावर एकही मोठा मासा नव्हता. निरोपाच्या चहाला मी थट्टेत म्हणालो की नऊ वर्षांत पावशेर-अर्धाशेरच्या पुढे गेलो नाही, गणितात याला शून्य प्रगती म्हणतात. हमीदभाई हसले नाहीत. दुसऱ्याच दिवसापासून, शनिवारपासून, त्यांनी चारा टाकायला सुरुवात केली; नववा दिवस रविवारी येत होता, त्या दिवशी मी बसायचं होतं. तलावाचा दगडी उतार सरळ नाही, हातात पेंडीची बादली घेऊन रोज उतरायचं आणि चढायचं. शुक्रवारी त्यांच्या दुकानात गेलो तर मोठे कटले येऊन राह्यलेत, अशी खबर त्यांनी कानात सांगावी तशी दिली. चेहरा ओढलेला दिसला होता. मी म्हटलं, ऊन लागलंय तुम्हाला. त्यांनी मान डोलावली.

शनिवारी संध्याकाळी कबरस्तानात माती देऊन आलो तरी काही उमजत नव्हतं. साडेनऊला गळाच्या टोकाबद्दल बोलणारा माणूस साडेदहाला नसतो, हे डोक्यात शिरतच नव्हतं. रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. वहिनी आतल्या खोलीत होत्या. सना दारात येऊन बसली. तिला विचारलं, काही त्रास होता का, कधी काही बोलले का.

"गुरुवारी संभाजीनगरला तारीख होती, सर. छातीची तपासणी करायची होती. डॉक्टर म्हणले होते, लवकर करा. अब्बूंनी सोमवारची करून घेतली."

"का?"

"चाऱ्यासाठी. एक दिवस खंड पडला तर सगळं वाया जातं, म्हणले."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच, की मला का सांगितलं नाही? मी गेलो असतो. एकच तर दिवस होता.

"मी म्हणलं होतं त्यांना. सरांना सांगते, ते टाकतील." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "तर म्हणले, नको. सरांना झोप लागते. हसून म्हणले होते, सर... रागानं न्हाई."

भोकरदन काही परदेश नाही. मी पुढच्या महिन्यात आलो असतो, दिवाळीत आलो असतो. मासा पुन्हा कधीही लावता आला असता. हे मी तिच्यापुढे बोललो की मनातल्या मनात, ते आठवत नाही. घरी गेलो नाही. दुपारभर गावात भटकलो आणि पाचच्या आधी तलावावर पोचलो. हातात काही नव्हतं. मला फक्त बघायचं होतं. शनिवारी चारा पडलाच नव्हता, म्हणजे मधे खंड पडला होता, म्हणजे त्यांच्या हिशोबाने आता तिथे काही नसायला हवं होतं. पाणी रिकामं असावं असं मला इतकं तीव्रतेने वाटत होतं की मी हात जोडले. निदान त्यांचं म्हणणं तरी खरं ठरावं, निदान ते कशासाठी तरी थांबले असं व्हावं.

पाच वाजून दोन-तीन मिनिटं झाली आणि काठापासून पंधरा हातांवर बुडबुडे उठायला लागले. आधी चार-सहा, मग सगळं पाणी खालून ढवळल्यासारखं. एक कटला वर येऊन वळला, त्याची पाठ ताटाएवढी रुंद होती. त्याच्यामागे दुसरा. ते तिथल्या तिथे फिरत होते, चारा शोधत होते, आणि मी दगडावर बसून ओरडून म्हणत होतो, आले हो हमीदभाई, मधात खंड पडला तरी आले... गुरुवारी जायचं होतं तुम्ही.