गेणू मांडेकरचा संसार

आंबीचा गेणू मांडेकर लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनात कोळसा भरायचा. एकोणीसशे अठराच्या तापाच्या साथीत तो आजारी पडला, तेव्हा भावकीतलं कुणी दारात फिरकलं नाही. शेजारच्या खोलीतल्या ख्रिस्ती फिटरनं त्याला पेज पाजून जगवलं. त्याच्यासोबत गेणू प्रार्थनेला जाऊ लागला आणि पुढच्या वर्षी त्यानं बाप्तिस्मा घेतला.

त्याची बायको सरुबाई तेव्हा आजारी आईपाशी कार्ल्याला होती. बातमी कळताच तिचा भाऊ अंबाजी म्हणाला, "आता तितं जायाचं न्हाई. त्यो आपल्याला मेला." सरुबाईनं मात्र कुंकू पुसलं नाही.

गेणू सुटीच्या दिवशी कार्ल्याला जायचा. अंबाजी त्याला बांधावरूनच परतवून लावायचा. भाताच्या खाचरात वाकलेली सरू ताठ व्हायची, पदर सावरायची आणि पुन्हा वाकायची. तेवढीच भेट.

ख्रिस्ती मंडळीच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, त्याची कीव आली. त्यांनी त्याला घरी बोलावलं.

"गेणू, सरकारचा कायदा आहे. ख्रिस्ती झालेल्याची बायको नांदायला येत नसेल, तर कोर्ट ते लग्न मोडून देतं. तू अर्ज कर. तुझं वय काही गेलेलं नाही. मंडळीतली एखादी चांगली मुलगी बघू."

गेणू म्हणाला, "साहेब, लग्न कशासाठी आसतं म्हून तुमी सांगता?"

"देवानं दोघांना एकमेकांच्या सोबतीला दिलं म्हणून. सुखात आणि दुखण्यातही."

"माझं लग्न बामनानं लावलं. तवा देव तितं नव्हता का?"

पाळकांनी चष्मा काढून पुसला. "होता," ते म्हणाले.

"मग ती माझी बायकू हाय."

अर्जाचा विषय तिथंच संपला.

बरीच वर्षं गेली. सरूची आई वारली, अंबाजीही गेला आणि भावजयीला नणंद जड झाली. एका दुपारी सरुबाई बोचकं घेऊन गेणूच्या दारात उभी राहिली. केस पिकायला लागले होते.

"मी बाटनार न्हाई," तिनं आधीच सांगितलं.

"म्या कुटं म्हनलो? आत ये. दमली आसशील."

खोलीच्या एका कोपऱ्यात तिच्या खंडोबाचा टाक बसला. दुसऱ्या कोपऱ्यात गेणू गुडघे टेकायचा. ती त्याला रांधून वाढायची, पण त्याच्या उष्ट्या ताटाला हात लावायची नाही. मग शेडमध्ये वाफेनं त्याचे दोन्ही हात भाजले. तिनंच त्याला घास भरवले, धुतलं, निजवलं. त्यानंतर ताटांचा वेगळेपणा कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

एकदा ती म्हणाली, "माझ्यापायी तुमी रिकामं ऱ्हायलात. दुसरी केली आसती तर पोरं झाली आसती."

"पोरं देवानं द्यायाची. सोबत मातर म्या कबूल केलती."

ती सोबत चारेक वर्षांचीच ठरली. थंडीत तिची छाती भरली आणि शुद्ध हरपली. तेव्हा मंडळीतले एक वडीलधारे गेणूला बाजूला घेऊन म्हणाले, "आत्ताच बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडून घेऊ. म्हणजे आपल्या कबरस्तानात जागा मिळेल. तुझ्या शेजारी राहील."

गेणूचे डोळे भरून आले. त्याला तेच हवं होतं. तरी त्यानं मान हलवली.

"शुद्धीत न्हाई म्हनली व्हती. आता बेसावध धरून करायचं व्हय? नगं."

ती पहाटे गेली. कार्ल्याला निरोप धाडला. ख्रिस्तावाच्या घरचं खाल्लेलीला खांदा देणार नाही, असं उत्तर आलं. शेवटी शेडमधल्या चौघांनी तिला इंद्रायणीच्या काठावर नेलं. पाळकसाहेब डोक्यावरची टोपी हातात घेऊन मागून चालत होते. अग्नी गेणूनंच दिला.

चिता पेटल्यावर त्यानं पाळकांना विचारलं, "साहेब, ती मला तितं वर भेटंल का?"

पाळकांनी कित्येकांच्या मातीच्या वेळी लोकांना धीर दिला होता. आज ते गेणूशेजारी वाळूत बसले.

"मला ठाऊक नाही, गेणू," ते म्हणाले.

गेणूनं मान डोलावली. आग विझेपर्यंत दोघंही तिथंच बसून राहिले.