गुलाबी खड्यासाठी वैरागड

पोंभुर्ण्याहून निघालो तेव्हा खिशात एक जुनी अंगठी होती आणि ती माझी नव्हती.

नागपूरला प्राध्यापकांशी भांडून मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं, ही बातमी पोंभुर्ण्याला माझ्या आधी पोचली होती. तिथे सुमन राहते. तिचा भाऊ आणि मी एका खोलीत राहायचो, ओळख त्यातली. तिला मागणी घालायला गेलो, तर तिचे वडील गोविंदराव आधी माझ्या चपलांकडे बघत बसले.

"कॉलेज काही टिकलं नाई तुमच्यानं," ते म्हणाले. "आता एक काम तरी तडीस न्या. ही आमच्या आईची अंगठी. राजाच्या काळातली घडण, खडा वैरागडच्या खाणीतला. असाच गुलाबी खडा तिथून आना, अशीच अंगठी घडवा, मंग साक्षगंधाचं पाहू. शिवरात्रीपर्यंत नाई जमलं तं आष्टीचं स्थळ आलंच आहे."

सुमनच्या आईने अंगठी फडक्यात बांधून दिली. "नमुन्याले ने बाबू. पण हिले पानी लागू देऊ नको. आमच्या घरची रीत आहे." त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेलं सोवळं असेल, असं मी धरून चाललो. सुमन दाराआड होती.

चांद्याला मोटार दुपारी पोचते. जटपुरा दरवाज्याच्या आत मारोतभाऊ सोनारांचं दुकान आहे. जुनी घडण हवी असेल तर त्यांच्याकडेच जावं. त्यांनी अंगठी नखावर ठेवून फिरवली. भरीव कोंदण, दोन्ही बाजूंना पानं, मधे हरभऱ्याएवढा गुलाबी खडा, एका कडेला तांबूस डाग.

"घडण करून देतो," ते म्हणाले. "पण खड्याचं म्हनाल तं, भाऊ, हा..."

"खडा मी आणतो. तुमची काच नको मला."

"अजी, ऐकून तं घ्या..."

मी उठलोच. आठ दिवसांचा प्रवास माझ्या या उठण्यामुळे झाला, हे पुढे कळलं.

मूलपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे मोटार कधी निघेल हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. वैनगंगा डोंग्याने ओलांडावी लागते, चार आणे देऊन. गडचिरोलीत एका खाणावळीत गरम भात आणि लाखोळीची डाळ मिळाली. पोटभर, आठ आण्यांत. आरमोरीहून वैरागडला बैलगाडी. साग, मोहा, मधेच भाताच्या कापलेल्या बांध्या. गाडीत चिडून उपयोग नसतो, बैल त्यांच्याच चालीने जातात.

वैरागडचा किल्ला पडका आहे, झाडांनी भरलेला. हिऱ्यांच्या खाणी म्हणजे आता नाल्याकाठचे खड्डे. तिथे सोमाजी नावाचा म्हातारा गुरं राखत होता.

"हिरे काय?" तो म्हणाला. "हिरे राजानं नेले. आमच्यासाठी खड्डे ठेवले."

"गुलाबी खडा मिळेल?"

"गुलाबी? गुलाबी रंग बाजारात भेटते, पुडीत. कोनासाठी पाहिजे?"

मी सांगितलं.

"सासरा लई खट आहे तुहा," म्हणून तो हसला. मग नाल्यात उतरून त्याने बोराएवढी एक गारगोटी आणून दिली. पाण्यासारखी स्वच्छ, रंग कसलाच नाही. "हेच भेटते इथी. ने."

ती मी रागाने खड्ड्यात भिरकावली. दोन दिवस हात सोलेपर्यंत गोटे उलथले, गुलाबी काही निघालं नाही. मग ती फेकलेली गारगोटीच शोधायला लागलो. सोमाजी माझ्याच विड्या ओढत बसला होता. "डावीकडं पाह्य," एवढंच अधूनमधून म्हणायचा. दिवस कलताना ती सापडली, डावीकडेच.

परतीला मार्कंड्यावरून आलो. देवळं पाहायला निवांत दिवस हवा, शिवरात्रीच्या यात्रेच्या गर्दीआधी जावं. मी पहाटे घाटावर बसलो होतो. ओल्या हातातली गारगोटी चक्क गुलाबी दिसली. सूर्य हातभर वर आला आणि ती पुन्हा बिनरंगाची झाली.

चांद्याला मारोतभाऊंनी माझी गारगोटी उजेडात धरून पाहिली. त्यांनी जुन्या अंगठीचं कोंदण टोकदार सळईने हलकेच उकललं आणि खडा माझ्या तळहातावर ठेवला. गारगोटी. तशीच, पाण्यासारखी. कोंदणाच्या तळाशी गुलाबी चकचकीत पातळ पत्रा होता.

"याले डांक म्हनते," ते म्हणाले. "रंग याचा. पानी शिरलं का डाग पडते. मी त्याच रोजी सांगून राह्यलो होतो."

मला संताप यायला हवा होता. आला नाही. त्यांनी माझी गारगोटी घासवून घेतली, खाली नवी डांक घातली. जुनीही होती तशी बसवून दिली. शेजारी ठेवल्यावर माझी जरा उजळ दिसत होती, इतकंच.

चांदा ते पोंभुर्णा सगळा रस्ता मी स्वतःला बजावत होतो की तोंड बंद ठेवायचं. ओसरीवर पाच माणसं बसली होती. गोविंदरावांनी नवी अंगठी उन्हात धरली.

"गावला म्हनायचा गुलाबी खडा!"

एक 'हो' पुरला असता. मी म्हणालो, "खडा वैरागडचा आहे. रंग चांद्याचा."

गोविंदरावांनी जुनी अंगठी उचलली. "अन् ही?"

मी आतल्या दाराकडे पाहिलं. ते सांगणं माझं नव्हतं.

"तीही तशीच," आतल्या दारातून सुमनची आई म्हणाली. "म्हनून तं पानी लागू देत नाई. सासूबाईनं मले सांगतलं होतं, मी सुमनले सांगतलं."

"मंग आईनं मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी कोनाचं ऐकून घेता काय?"

पाचांपैकी एकजण खोकला. गोविंदरावांनी दोन्ही अंगठ्या तळहातावर घेतल्या. मग मोठ्याने म्हणाले, "सुमन, पंचांग आन." पंचांग इतक्या लवकर आलं की ते तिने हातातच धरलं असावं.

जाणाऱ्यांना सांगायचं तर वैरागडला तीन दिवस पुरतात. विड्या जास्त न्या. आणि सोनाराचं वाक्य पूर्ण होऊ द्या.

वरोऱ्याला घरी आलो, अंघोळ केली, आणि पाण्याच्या रांजणाशेजारी भिंतीत एक खुंटी ठोकायला घेतली.

"इथी खुटी काऊन ठोकून राह्यला?" आईने विचारलं.

"सुमनची अंगठी अडकवायला. वैशाखात लागेल," मी म्हणालो.