लांडगीचं बीळ

जीपमधी चढायला पाय उचलला आन साहेबानं हात आडवा घातला. "मावशी, दोन मिनिटं थांबा," म्हणाला. गाडीत मारायची वासाची बाटली काढली आन माझ्या खांद्यावरच्या घोंगडीवर फवारली. पुढनं, मागनं. ढोरावर गोचिडाचं औषध मारत्यात तशी. मग पाहुण्यांकडं वळून म्हणाला, "सॉरी हं, यांना मेंढरांचा वास येतो." मागच्या सीटवरची बाई हसली. तिनं ओढणी नाकाला लावली. मीबी हसले. त्या हसण्याची मला आजून लाज वाटती.

हसले, कारण वाटलं, सोसावं. काम चांगलं हाय.

काम कसलं ते सांगते. आमी जत तालुक्यातली धनगरं. माळावर आमचे पाच वाडे, माणसं-मेंढरं एका जागी. लांडगाबी त्याच माळावर, पयल्यापासनं. कोकरू उचलतो. आमी शिव्या घालतो, काठी घिऊन मागं लागतो, आन इसरतो. पण एका उन्हाळ्यात कुणीतरी मेलेल्या मेंढीत विष भरून ठेवलं. दोन लांडगं तडफडून मेलं. त्याच्या मागनं हा सांगलीचा साहेब आला. माळाच्या कडंला तंबू ठोकलं. म्हणाला, लांडगा बघायला शहरातनं माणसं येतील, गावाला कामं मिळतील, मग लांडगा मारंल कोण? बोलणं खरं होतं. आजबी खरंच हाय. मी व्हय म्हणाले. मग रस्त्याला पाटी लागली, "गावकऱ्यांच्या सहभागातून लांडग्यांचं रक्षण". त्यावर माझा फोटू. घोंगडीसकट. पाटीवरच्या घोंगडीचा वास येत न्हवता त्याला.

आमच्यात एक रीत हाय. लांडगीनं पिल्लं घातली की त्या अंगाला मेंढरं न्यायची न्हाईत. बीळ दिसलं तरी बोट करायचं न्हाई, कुणापुढं बोलायचं न्हाई. लगीन होऊन आले त्याच साली सासऱ्यानं मला सांगितलेलं. ती रीत मी मोडली. साहेब रोज इचारायचा, पिल्लं कुठं हायती? मला वाटलं, हा तर राखायला आलेला माणूस. त्याच दिवशी, अंगाला त्या बाटलीचा वास येत असताना, मी बोट केलं.

"त्या बाभळीखाली. पण बांधाच्या अलीकडंच थांबायचं, साहेब. गाडी बंद करून."

थांबला न्हाई. पाहुण्याला फोटू जवळनं पायजे होता. जीप बिळाच्या तोंडाला नेऊन लावली. पिल्लं बाहेर येत्यात का बघायला हॉर्न वाजवला. मी म्हणाले, "गाडी मागं घ्या." तर समद्यांदेखत मला म्हणाला, "तू गप बस. मेंढरं राखणाऱ्यांनी मला शिकवायचं नाही."

मी गप बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकटीच गेले. बीळ रिकामं. लांडगीनं रातीत पिल्लं तोंडात धरून हलवली होती. एक ऱ्हायलं होतं. जीपच्या चाकोरीत मरून पडलं होतं, मुंग्या लागल्या होत्या. डोळं नुकतंच उघडलेलं. मी तिथंच बसले आन रडले. साहेबाला शिव्या घातल्या, मग स्वतःला घातल्या. त्याची गाडी नंतरची. आधी माझं बोट.

घोंगडीत गुंडाळून ते पिल्लू मी तंबूवर नेलं. पाहुणे चहा पीत बसले होते. मला बघून साहेबाचा हात बाटलीकडं गेला.

"बाटली खाली ठिवा," मी म्हणाले.

टेबलावर घोंगडी उलगडली. "आता घ्या वास."

कालची ओढणीवाली बाई तिथंच होती, तिनं कप खाली ठेवला. साहेबानं मला तंबूच्या मागं नेलं. आता परत मावशी झाले होते. "मावशी, पाहुण्यांसमोर असलं नका करू. नवी जागा तेवढी सांगा. तुम्ही नाही तर दुसरं कोणी दाखवेल."

हे त्याचं खरं होतं, म्हणून मला भ्या वाटलं. पाच वाड्यांत कुणीबी बोट केलं असतं, माझ्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला. पाची वाड्यांतल्या बाया तिथं एका जागी येत्यात. घागरी भरता भरता समदं सांगितलं. माझी चूक आधी, त्याची मागनं. एक म्हातारी लय बोलली मला. सासऱ्याचं नाव काढून बोलली. बोलू दिलं. मग तीच म्हणाली, "पोरी, आता आपल्यातलं कुणी त्याच्या गाडीत बसणार न्हाई."

कुणी बसलं न्हाई. पाटीवरचा माझा फोटू मी विळ्यानं खरवडून काढला.

लांडगा बघायचा असंल तर या. पाहुणे आमी घिऊ, आमच्या वाड्यावर, आमच्या भाकरीवर. चालत यायचं. धनगर थांबंल तिथं थांबायचं. पिल्लांच्या दिसांत माळ बंद. घोंगडीचा वास सोसत नसंल त्यानं घरी बसावं.

साहेबाचा परवा परत निरोप आला, जागा इचारायला. लांडगी कुठं गेली ते मला ठाव हाय. पाची वाड्यांना ठाव हाय. त्याला सांगणार न्हाई. तुमालाबी न्हाई.