ओढण्यांची टोपली

श्रीमती मार्थाबाई शिरसाठ यांची आणि माझी ओळख माझ्या चुकीमुळे झाली, हे आरंभीच कबूल केलेले बरे. वीसेक वर्षांपूर्वी नाताळच्या बातमीत मी लिहून गेलो होतो, की ख्रिस्ती भगिनी नटूनथटून प्रार्थनेस आल्या होत्या. वार्ताहराने काही पाहिले नसले, की असे वाक्य हाताशी असते. दोन दिवसांनी क्रांती चौकाजवळच्या आमच्या कचेरीचा जिना चढून एक बाई आल्या. पांढरी सुती साडी, डोक्यावर पदर, हातात कात्रण.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"तुम्ही आला होतात?"

मी पंख्याकडे पाहिले.

"वाटलंच मला. येत्या रविवारी या. नटलेलं कोण दिसलं तर मलाही दाखवा."

मी गेलो. चर्चच्या दाराशी वेताची एक टोपली होती आणि तिच्यात धुऊन घड्या घातलेल्या ओढण्या. डोक्यावर घ्यायला काही नसलेली बाई वाकून एक उचले, जाताना परत ठेवी. देणारे कोणी नाही, पाहणारे कोणी नाही. बाई स्वतः शेवटच्या बाकावर, दाराकडे पाठ करून बसलेल्या. मी विनोदाने म्हणालो, "बाई, पहारेकऱ्यानं दाराकडे तोंड करून बसावं." त्यांनी मांडीवरचे गीतपुस्तक उघडले. उत्तर मला गेल्या महिन्यात मिळाले.

आपणांपैकी बहुतेकांना बाई ठाऊक आहेत त्या मिशन शाळेतल्या शिवणाच्या शिक्षिका म्हणून, किंवा दर शुक्रवारी दुपारी त्यांनी चालवलेल्या स्त्रियांच्या शास्त्रवर्गामुळे. ख्रिस्ती स्त्रीचे राहणे आणि वेष कसा असावा, हा त्या वर्गाचा कायमचा विषय. बातमीच्या निमित्ताने मीही दोनचारदा मागे जाऊन बसलो. माझी समजूत अशी, की आता बाह्यांची लांबी आणि गळ्याची खोली यांवर प्रवचन होणार. बाईंनी बायबलमधले तीमथ्याच्या नावचे पत्र उघडले आणि विचारले, "यात बाह्या कुठं आहेत? शोधा." बायका शोधू लागल्या. सापडले ते सोने, मोती, गुंफलेले केस आणि भारी वस्त्रे. "म्हणजे मर्यादा आधी कोणाला सांगितलीय?" बाई म्हणाल्या. "जिच्याकडे आहे तिला. तुमच्या अंगावरचं पाहून शेजारची स्वतःच्या अंगाकडं पाहायला लागली, की तुमची मर्यादा गेली. मग पदर कितीही घ्या."

त्याच वर्गात एका ठेकेदाराच्या पत्नी होत्या, गळाभर दागिने घालून. त्या म्हणाल्या, "बाई, माझ्या बाह्या तर कोपरापर्यंत आहेत."

"असू द्या. सगुणा तुमच्या शेजारी का बसत नाही, विचारलंय कधी?"

सगुणाबाई रोजंदारीवर जाणाऱ्या. त्या मागून म्हणाल्या, "न्हाय बाई, हितं वारं लई चांगलं लागतं." सगळ्या हसल्या. पुढच्या शुक्रवारी त्या ठेकेदारपत्नींचा गळा रिकामा होता. कानांना मात्र अजून थोडा वेळ लागेल असे दिसत होते.

मी संस्कृतात वाढलेला माणूस. विनय हाच खरा अलंकार, हे आमच्याकडेही सांगितले आहे, असे म्हणून मी दोन श्लोक अन्वयासह ऐकवले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "फार छान. हे तुमच्याकडं लग्नाच्या हॉलमध्ये कोणी म्हणतं का?" माझ्या पांडित्याचा असा दोन शब्दांत निकाल लावणाऱ्या दोनच व्यक्ती, दुसरी माझी आई.

त्या आईचीच गोष्ट सांगतो. शेवटच्या आजारात ती रुग्णालयात होती. अंगावर तिथला पाठीमागे उघडा राहणारा झगा. जन्मभर नऊवारीत वावरलेली बाई. कोणी खाटेजवळ आले की भिंतीला पाठ लावायची आणि डोळे मिटून घ्यायची. मला ते कळले नाही. मी डॉक्टरांना विचारत राहिलो, ही बोलत का नाही. मार्थाबाई भेटायला आल्या, दहा मिनिटे बसल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मऊ सुती कापडाचा लांब झगा घेऊन आल्या; बाजूला नाड्या, सलाइनच्या हातासाठी बाहीत फट. मला बाहेर काढून त्यांनी तो आईला घातला. आईने जन्मभर प्रत्येकाला जात विचारली. त्या दिवशी तिने एवढेच विचारले, "शिवण कोणाची हो?"

"माझीच."

"हात चांगला आहे तुमचा."

आई घरी परतली नाही. पण त्यानंतरचे अकरा दिवस ती आल्यागेल्यांकडे डोळे उघडून पाहत होती.

गेल्या महिन्यात बाईंच्या गौरवग्रंथाच्या समितीने हा लेख माझ्याकडे सोपवला. माहिती घ्यायला मी उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत गेलो. काचबिंदूने बाईंची दृष्टी बरीचशी गेली आहे. उरलेली किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत. सुई त्यांनी वर्षापूर्वीच खाली ठेवली. आवाजावरून मला ओळखून म्हणाल्या, "या. गौरव लिहिणार म्हणे. एका अटीवर लिहा. माझी चूक लिहायची."

मी म्हणालो, "बाई, गौरवलेखात चूक बसत नाही."

"मग गौरव राहू द्या."

पंचवीसेक वर्षांपूर्वी बाई दाराकडे पाठ करून बसत नसत. त्या दारातच उभ्या राहत आणि येणाऱ्या प्रत्येकीला खालपासून वरपर्यंत पाहत. ईस्टरच्या सकाळी खुलताबादकडच्या एका वस्तीवरून चौदा वर्षांची एक मुलगी एकटी आली. निळा फ्रॉक, गुडघ्याच्या वर गेलेला, बाह्या तोकड्या. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हे घालून देवाच्या घरात? जा, नीट होऊन ये." मागच्या दोघी हसल्या. मुलीने दोन्ही हातांनी फ्रॉक खाली ओढून धरला आणि तशीच पायऱ्या उतरून गेली.

शुक्रवारी सगुणाबाईंनी सांगितले. ती त्यांच्या बहिणीच्या शेजारची. "बाई, तिला येवढा येकच फ्राक व्हता. दुमड उसवून उसवून लांब केल्याला. आता उसवाया काय राह्यलंच नव्हतं." शिवणाच्या शिक्षिकेला कडेवरची जुन्या टाक्यांची रेघ दिसली नव्हती.

बाईंनी रात्रंदिवस बसून नवा फ्रॉक शिवला आणि रविवारची वाट न पाहता वस्तीवर गेल्या. घराला कुलूप होते. कुटुंब कामाला कुठे गेले, कोणाला नक्की सांगता येईना. पुढे तीन वर्षे त्या विचारत राहिल्या. मुलगी चर्चमध्ये पुन्हा आली नाही, इथल्या नाही आणि आसपासच्याही नाही.

"बायबलात, उत्पत्तीच्या पुस्तकात आहे," बाई म्हणाल्या. "देवानं आदाम-हव्वेला बागेबाहेर काढलं. पण काढायच्या आधी स्वतः बसून त्यांना कपडे केले. पहिला शिंपी तो. चूक त्यांची होती, तरी उघडं नाही पाठवलं. मी शिवण शिकवणारी. तिची काही चूक नव्हती, आणि मी तिला कपड्यांवरून बाहेर काढलं. टोपली त्यानंतर आली. वर्गही त्यानंतर बदलला. लोकांना वाटतं, बाईंनी फार अभ्यास केला. अभ्यास नव्हता तो."

मग त्यांनी चाचपडत पेटी उघडली. फ्रॉक अजून आहे. निळाच, कडांना पांढरी पायपिन लावलेला, चार बोटे दुमड आत ठेवलेला, वाढत्या अंगासाठी. मी, नेहमीच्या वाईट सवयीने, म्हणालो, "बाह्या मनगटापर्यंत असतील."

"नाही. त्या वयाच्या मुलीला आवडतील तेवढ्याच ठेवल्यात."

मुलीचे नाव मी विचारले. बाईंनी ते सांगितले आणि लगेच म्हणाल्या, "लिहू नका. तिला एकदा चारचौघांत लाजवलंय मी. तेवढं पुरे. तिचं तिला कळेल."

तेव्हा हे त्या अनोळखी भगिनीसाठी. आपण आता चाळिशीच्या जवळ असाल. फ्रॉक आपल्याला होणार नाही. या ग्रंथाचे हे पान कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आले, तर एका रविवारी यावे. जे अंगावर असेल ते घालून यावे. बाई शेवटच्या बाकावर डाव्या टोकाला बसतात आणि शेजारची जागा कोणाला देत नाहीत. पाय दुखतो, असे सांगतात. त्यांना आपण दिसणार नाही, म्हणून नाव मात्र मोठ्याने सांगावे.

मार्थाबाईंनी पंचाहत्तरी पूर्ण केली. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, अशी आपण सारे प्रार्थना करू या. शंभर वर्षे वगैरे आकड्यांचा माझा आग्रह नाही. शेजारची जागा भरेपर्यंत पुरेल एवढे मिळावे. आणि भरल्यावर त्या दोघींना निवांत बोलता येईल, एवढे त्याच्या पुढेही.