मामांनी दसऱ्याला रंगवलेला जॅक

आमची छोटी कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली, वर्षातले बरेच महिने राजेगावला मामांच्या अंगणात उभी असते. नागपुरात आमच्या इमारतीत स्कूटर लावायची मारामार, तिथे ही कुठे ठेवणार? यंदा माझ्या नवऱ्याला, हेमंतला, तिच्यासाठी गिऱ्हाईक सापडलं. "ही एक सहल करू. या वेळी काही बिघडलं तर विकून मोकळं होऊ," तो म्हणाला. मी बरं म्हटलं. तिच्यात माझा फारसा जीव अडकलाय असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

दिवाळी उलटल्यावर निघालो. गोंदियात तर्रीपोहे खाल्ले (तिखट झेपत नसेल तर तर्री वेगळी मागून घ्या) आणि दुपारपर्यंत राजेगावला पोचलो. मामा फडकं घेऊन कॅराव्हॅन पुसत होते. तिची पुढची लोखंडी चौकट झगझगीत निळी झाली होती आणि तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. दसऱ्याला मामांकडे खाचरापासून, म्हणजे छोट्या बैलगाडीपासून, पाण्याच्या पंपापर्यंत लोखंडाचं जे असेल ते धुऊन, रंगवून पूजेला लागतं. आमची कॅराव्हॅनही त्यात धरलेली.

हेमंत गाडी जोडत होता तेव्हा मामांनी मला बाजूला घेतलं.

"तुही माय म्हणे, हे विकून राह्यले. खरं हाय का?"

"अजून ठरलं नाही, मामा."

"हे गेलं तं तुम्ही कायले याल इकडे?"

छे, काहीतरीच काय, असं म्हणायला हवं होतं. पण गेली काही वर्षं आम्ही राजेगावला येतो ते कॅराव्हॅन न्यायला आणि ठेवायला, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी चहा मागितला.

बालाघाटच्या बाजारात थोडा चिन्नौर तांदूळ घेतला. शिजताना वास सुटतो तो खरा, भाव ऐकून मात्र मन घट्ट करावं लागतं. तिथून परसवाड्याकडचा रस्ता जंगलातला, वळणांचा. मागे कॅराव्हॅन असेल तर उजेडातच उरका. परसवाड्याच्या अलीकडे एका हॉटेलवाल्या काकूंनी मागच्या मोकळ्या जागेत थांबू दिलं. अट एवढीच, की जेवण त्यांच्याकडे करायचं. गरम भात, वरण, सेमीच्या शेंगांची भाजी. तक्रारीला जागा नव्हती.

ज्यांना कॅराव्हॅनची माहिती नाही त्यांच्यासाठी: तिच्या पुढच्या टोकाला विजेवरचा जॅक असतो. बटण दाबलं की तोंड उचललं जातं आणि मोटार सुटी होते. पुन्हा जोडतानाही आधी उचलावं लागतं. संध्याकाळी जॅक कुरकुरत का होईना, चालला. सकाळी बटण दाबलं तर नुसतं टक्क, आणि पुढे काही नाही.

हेमंत हाताची घडी घालून बाभळीखाली उभा राहिला. 

"बैटरी बैठ गई होगी, मैडम," काकू म्हणाल्या. बॅटरी ठणठणीत होती, आतले दिवे लागत होते. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. बटणापर्यंत करंट येत होता. मोटारीचा साधा जॅक लावून पाहिला, तो मऊ मातीत रुतायला लागला. राहिलं हातानं फिरवायचं हँडल. ते नेहमीच्या पेटीत नव्हतं. मी मामांना फोन लावला.

"अरे बापा! ते तं पूजेतच राह्यलं, विळ्याकोयत्यापाशी. काहून वं, बंद पडला का?"

"हौ मामा. तुम्ही जॅकला काही केलं होतं का?"

"म्या? खोलला, अन् खालून गंज होता तो साफ केला. मंग चौकटीले दोन हात रंग देल्ला, जॅकच्या बुडालेबी देल्ला, अन् वाळल्यावर बोल्ट कसून टाकले. जागा सोडली नाही कोठीच."

जागा सोडली नाही, तिथेच घोळ होता. या जॅकला वायर एकच येते. करंट परत जातो तो जॅकच्या अंगातून, बोल्टांतून, चौकटीच्या लोखंडात. मधे रंगाचा थर आला की वाट बंद. संध्याकाळी बोल्टाच्या कडेला जेमतेम टेकलेल्या लोखंडावर निभावलं, सकाळी तेही सुटलं. मी जाड वायरचं एक टोक जॅकच्या उघड्या दांड्याला टेकवलं आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. हेमंतला म्हटलं, दाब बटण. जॅकनं घुर्र करून तोंड उचललं. वायर धरून ठेवली, मोटार जोडली, मग बोल्ट काढून त्यांच्याखालचा निळा रंग पॉलिश पेपरनं घासला, लोखंड चमकेपर्यंत. बोल्ट कसले, वायर काढली आणि बटण दाबलं. चालला. काकूंनी न मागता चहा आणला.

त्या दिवशी मलाजखंड पाहिलं. तिथली तांब्याची खाण बाहेरूनच दिसते. मातीच्या पायऱ्या पायऱ्यांचे डोंगर आणि वसाहतीतले शांत, सावलीचे रस्ते. हेमंत गिऱ्हाइकाविषयी बोलला नाही. 

परत राजेगावला आलो तर मामांचं लक्ष आधी बोल्टांकडे गेलं.

"रंग काहून खरडला?"

मी सांगितलं. ते उकिडवे बसून त्या जागेवरून बोट फिरवत राहिले. "म्हणजे माह्यानंच बंद पडलं. आता विकसान तुम्ही." मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात हेमंत म्हणाला, "नाही विकत, मामा. पण पुढच्या वेळी हँडल जागेवर ठेवा." मी त्याच्याकडे पाहिलं. तो चाकाला दगड लावण्यात गर्क होता.

नागपुरात घरी येऊन चिन्नौर शिजवला. घरभर वास आणि माझ्या नखात अजून निळा रंग. हेमंतनं गिऱ्हाइकाला नकार कळवला. म्हणाला, जॅक दुरुस्त करणारी बायको घरात असताना विकायची कशाला? मलाजखंड मला फिकट आठवतं. मामांचं ते "कायले याल इकडे?" मात्र जसंच्या तसं.

काल त्यांचा फोन आला. "बाई, हँडल पेटीत ठेवू म्हणतो."

"ठेवा. दसऱ्याला मात्र पूजेत मांडा. आम्ही येतोय, रंग मी देईन."

 फोन तोंडापासून लांब धरून त्यांनी मामीला घातलेली हाक ऐकू आली, "अवं, दसऱ्याले पोरगी येऊन राह्यली!"