भरून ठेवलेला सेल

दुपारी वहिनींचा फोन आला. "शालू, हे उठंनात गं..." एवढंच. माझा आतेभाऊ, दत्तादादा, नेहमीसारखा जेवून आडवा झाला होता. दोन गल्ल्या ओलांडून मी पोचले, तेव्हा त्याच्या टेबलावर कुणाची तरी अर्धी उघडलेली टॉर्च होती आणि शेजारी घडी घातलेला चष्मा. आत्ता येईल आणि म्हणेल, हात नको लावूस... असं वाटत राहिलं. त्याला जाऊन आता महिना होऊन गेला.

मला रातांधळेपणा आहे. दिवेलागण झाली की माझं जग उंबऱ्याशी संपतं. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दादा हौसेनं टॉर्च बनवायला लागला आणि त्यानं ठरवलं, शालूची संध्याकाळ परत आणायची. मी हट्ट धरला, उजेड मोटारीसारखा हवा. त्यानंही भला दांडगा एलईडी बसवला आणि आत जुन्या लॅपटॉपमधला सेल घातला. पडेगावहून दौलताबादच्या रस्त्यानं मी ऐटीत निघाले. थोडं पुढं गेले आणि उजेड एकाएकी गेला... कडुलिंबाचं खोड धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. दादा शोधत आला, हाताला धरून घरी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी टॉर्च खोलून, आधी एलईडीकडे मग जुन्या सेलकडे बोट दाखवत म्हणाला, "सून मोठ्या घरची आणली, अन् कमावणारा एकटा म्हातारा. चूक माझी हाय." मग त्यानं दमदार सेल शोधले. सेलमधून एलईडीला किती करंट जाऊ द्यायचा, हे ठरवणारा ड्रायव्हर निवडायला तर दोन महिने घेतले. ड्रायव्हर आणि एलईडीची प्रत्येक जोडी पेटवून मुठीत धरून बसायचा. चटका बसला की ती जोडी बाद. माझ्या लग्नातही तू एवढ्या पत्रिका पाहिल्या नव्हत्यास, अशी मी चेष्टा करायची. शेवटी जमलं. उजेड मोटारीसारखा नव्हता. रुंद, पिवळसर, पायांपुढे सतरंजी अंथरल्यासारखा. "ही एकदम विझायची नाय," तो म्हणाला. "आधी मंद व्हईल. तिथून वीस मिनिटं हायेत. तेवढ्यात घर गाठायचं."

सेल दोन होते. दर गुरुवारी रिकामा नेऊन द्यायचा, त्यानं भरून ठेवलेला आणायचा. मला चार्जर द्यायला तो कधीच तयार झाला नाही. मला वाटतं, त्यालाही गुरुवार हवा असायचा.

तो गेला तेव्हा त्यानं भरलेला शेवटचा सेल माझ्या टॉर्चमध्ये होता. तो संपवायला मन धजेना. फिरणं बंद झालं. संध्याकाळी टॉर्च मांडीवर घेऊन बसायची, बटण न दाबता... माणूस न सांगता गेला, म्हणून त्याचा रागही येत होता, खोटं कशाला बोलू. गेल्या आठवड्यात वहिनी आल्या. मांडीवरची टॉर्च पाहून म्हणाल्या, "भरलेला सेल नुसता ठेवला तर खराब व्हतो, असं हे लई वेळा सांगायचे. वापर की तो."

मग रोज जायला लागले. काल आभाळ जांभळं होत होतं, लांबचे डोंगर त्यात विरघळत होते, आणि परतीच्या वळणावर उजेड हलकेच मंद झाला. मी थांबले. "हो दादा, कळलं," असं मोठ्यानं म्हणाले. घर दहा मिनिटांवर होतं. फाटकाशी पोचले, पण आत गेले नाही. उरलेली दहा मिनिटं टॉर्च तशीच हातात धरून उभी राहिले.

विझली. या वेळी मला आधी माहीत होतं.