अकोल्याची बाज आणि मुग्धाची स्टिक

चहा घ्या, आणि आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत माझी मुलगी शहाणी आहे, बायको शहाणी आहे, कोचसुद्धा बरी होती. गाढवपणा तेवढा सगळा माझा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मला मध्येच तोडू नका.

आम्ही तेव्हा कॅनडात किचनरला राहायचो. मुग्धा ग्रेड इलेव्हनमध्ये होती आणि शाळेच्या लॅक्रॉस टीममध्ये खेळायची. लॅक्रॉस म्हणजे काय, तर लांब दांड्याच्या टोकाला जाळी, त्या जाळीत बॉल झेलायचा, धरून पळायचं आणि गोलात मारायचा. मी अकोल्याचा माणूस. माझा खेळाशी संबंध कबड्डीत पहिल्यांदा आऊट होण्यापुरता. पण पोरगी मैदानात पळायला लागली की माझी छाती एवढी फुगायची की जॅकेटची चेन लागायची नाही.

तिचा एकच घोळ होता. बॉल मिळाला की तो कोणाला द्यायची नाही. एकटीच घेऊन पळायची, आणि हरली की स्टिक आपटून घरात तीन दिवस अबोला. हे कोणावर गेलंय ते बायको सांगेल, मी नाही सांगणार. शेवटी कोचने तिला स्पष्ट बजावलं, "सीझनच्या शेवटच्या मॅचपर्यंत बॉल वाटून खेळायला शीक, नाहीतर पुढच्या वर्षी टीममध्ये जागा नाही."

घरी येऊन मुग्धा एवढंच म्हणाली, "आय ॲम वर्किंग ऑन इट, बाबा."

त्यानंतर सहा आठवडे रोज सकाळी साडेसहाला मी तिला शाळेच्या मैदानावर सोडायला जायचो. ती तिथे काय करायची कोण जाणे, मी गाडीत हीटर लावून मस्त डुलकी काढायचो.

मॅचच्या आदल्या दिवशी संध्याकाळी विंटर टायर्स रचून ठेवायला गराजमध्ये गेलो, तर भिंतीला तिची स्टिक टेकवलेली. जाळीला हा एवढा झोळ. माझा जीव कळवळला हो. उद्या पोरीच्या करिअरचा प्रश्न आणि ही जाळी अशी लोंबतेय?

आता अकोल्याच्या माणसाला झोळ दिसला की तो गप्प बसू शकत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर बाजा टाकून झोपायचं. बाज सैल झाली की वडील हाक मारायचे, "श्याम, ओढ रे." मी पायथ्याशी बसून, टाच रोवून, एकेक दोरी अशी ताणायचो की बाजेवर रुपया टाकला तर उडावा. गल्लीतले लोक मला बोलावून न्यायचे. कॅनडात येऊन पंधरा वर्षं ही कला गंजत पडली होती.

टाच रोवली आणि सुरू झालो. तेवढ्यात बायको, सुनंदा, डोकावली.

"तिला विचारलंस का?"

"सरप्राइज आहे."

"तुझी सरप्राइजेस मी वीस वर्षं निस्तरतेय," म्हणाली आणि गेली. बायकोचं ऐकायचं असतं, हे मला नेहमी दुसऱ्या दिवशी कळतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मुग्धाने बॅगेतून स्टिक काढली. जाळी बोटाने दाबली. परत दाबली.

"बाबा, डिड यू टच माय स्टिक?"

"टच? अगं, दीड तास खपलो. कशी टणाटण झालीय बघ."

तिचा चेहरा पांढरा पडला. मग कळलं, तो झोळ मुद्दाम असतो. बॉल झोळात बसतो, म्हणून तर झेलता येतो. तिने तो तीन महिने खपून हवा तसा बसवला होता. ताणलेल्या जाळीवर बॉल आला की टप्पा खाऊन भलतीकडे जातो. टीमची जादाची स्टिक दुसऱ्या मुलीने आधीच घेतली होती. आम्ही दोघांनी दहा मिनिटं नखं लावली, पण त्या गाठी माझ्या वडिलांनी शिकवलेल्या. सुटायला नसतातच त्या.

आता आपटते स्टिक, म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो. मुग्धाने डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "इट्स ओके, बाबा. यू डिडन्ट नो."

अहो, ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मॅच सुरू झाली. पहिला बॉल जाळीवर आपटून उडाला. दुसरा उडाला. तिसरा तर थेट समोरच्या टीमला जाऊन मिळाला. सुनंदा माझ्याकडे बघत नव्हती. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

आणि मग पोरीने बॉल धरून ठेवायचा नादच सोडला. आला की टेकवला आणि दिला. आला की दिला. डावीकडे, उजवीकडे, मागे न बघता. शेवटचं मिनिट, दोन्हीकडे गोल सारखे, मुग्धा गोलच्या पुढ्यात. जुनी मुग्धा डोळे झाकून मारती. हिने बॉल बाजूच्या ग्रेड नाइनच्या बारक्या मुलीला दिला, जिने सबंध सीझनमध्ये एक गोल केला नव्हता. तिने मारला. झाला गोल.

सगळ्या मुली त्या बारकीला उचलून नाचत होत्या आणि माझी लेक कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. कोच धावत आली आणि तिला म्हणाली, "सी यू नेक्स्ट सीझन."

गाडीत बसेपर्यंत माझं रडू ओसरलं आणि जीभ सैल झाली. म्हटलं, "बघ, शेवटी अकोल्याची बाजच कामाला आली. मी जाळी ताणली म्हणून तू पास द्यायला शिकलीस."

मागच्या सीटवरून थकलेला आवाज आला. "बाबा, रोज सकाळी साडेसहाला मी काय करायचे असं तुला वाटतं? सिक्स वीक्स मी फक्त पासिंग करत होते. तू गाडीत होतास."

पण अकोल्याचा माणूस इतक्यात हार मानतो होय? विचारलं, "मग दीड तास मी गराजमध्ये खपलो, त्यातून काहीच नाही झालं?"

आमची मुग्धा एरवी इंग्लिश घातल्याशिवाय बोलत नाही. पण हे मला नीट कळावं, म्हणून तिने अस्सल मराठीत सांगितलं.

"झालं ना. पहिले तीन बॉल पडले, ते तुझे."